आढावांचे तीन निरोप

लीड्समध्ये शांतवन आढावांना एकंदर तीन वेळा निरोप देण्यात आला, आणि तिन्ही वेळा ते गेले नाहीत. पहिल्या वेळी लोकांनी डोळे पुसले, दुसऱ्या वेळी घड्याळं पाहिली, आणि तिसऱ्या वेळी यतीन दाबकेने सरळच सांगितलं, "आढाव, आधी तिकीट दाखवा, मगच केक कापू."

जायचं होतं ते फेतुलोआ नावाच्या बेटावर. हे बेट नकाशात शोधायला गेलं, की आधी पॅसिफिक महासागर सापडतो, मग बराच वेळ काहीच सापडत नाही, आणि शेवटी पेनाचं टोक चुकून टेकावं तसा एक ठिपका दिसतो. त्या ठिपक्यावर एक चर्च, एक शाळा आणि नऊ खाटांचं एक इस्पितळ होतं. तिथे दीड वर्ष राहून सेवा करायला एक ‘सीनियर मिशनरी कपल’ हवं आहे, अशी चिठ्ठी चर्चच्या नोटीस बोर्डावर, एका हरवलेल्या मांजराच्या शेजारी लागली होती. अटी फार नव्हत्या. दोघंही साठीपुढची असावीत, धडधाकट असावीत आणि लग्न टिकलेलं असावं.

आढावांना तेव्हा रिटायर होऊन अकरा महिने झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलचे बॉयलर, पंप आणि लिफ्ट सांभाळल्या. अशा माणसाला घरी बसवणं म्हणजे चालू इंजिन दिवाणखान्यात आणून ठेवण्यासारखं. पहिल्या चार महिन्यांत त्यांनी घरातली प्रत्येक बिघडलेली वस्तू दुरुस्त केली. पुढच्या चार महिन्यांत न बिघडलेल्या दुरुस्त केल्या. टोस्टर आता ब्रेड असा उडवायचा की तो झेलायला माणूस तयारीत उभा राहावा लागे. मग ते कुंपणापलीकडे बघू लागले. शेजारचा ब्रायन, जन्माने आणि स्वभावाने पक्का यॉर्कशायरचा, त्याने एके दिवशी काही न बोलता आपल्या शेडला कुलूप लावलं.

तर चिठ्ठी पाहिली आणि आढावांनी त्याच दुपारी अर्ज भरला. दोघांचाही. आपल्या अर्जाला त्यांनी ‘उष्ण प्रदेशातील पाण्याचे पंप: काही विचार’ असा तीन पानांचा निबंध जोडला. मधुमतीबाईंच्या अर्जात ‘मिडवाइफ, तीस वर्षं’ एवढंच लिहून रकाना संपवला, कारण पेनातली शाई संपत आली होती.

मग त्यांनी बायकोला सांगितलं.

"अहो, विचारायचं तरी एकदा," मधुमतीबाई म्हणाल्या. त्या मोजा विणत होत्या.

"विचारतोय की आता."

"पाठवलात ना अर्ज?"

"पाठवला. पण उत्तर थोडंच आलंय अजून!"

यावर मधुमतीबाईंनी टाके मोजले आणि विणकाम चालू ठेवलं. आढावांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. छत्तीस वर्षं ते टाके मोजण्याचा अर्थ असाच घेत आले होते.

मुलगी कस्तुरी ब्रॅकनेलला एका कॉम्प्युटर कंपनीत होती. जन्म लीड्सचा, त्यामुळे मराठी प्रेमळ पण मोडकं. तिचा फोन आला.

"बाबा, तुमचा डोकं ठीक आहे ना? दिस इज मॅडनेस. आईला विचारला का?"

"तुमचं डोकं. डोकं ‘ते’ असतं, कस्तुरी."

"डोन्ट चेंज द सब्जेक्ट, बाबा!"

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पाठवणारी होती फिलिपा, बेटावर जोडपी पाठवणाऱ्या मिशनरी फेलोशिपची समन्वयक. पत्राची सुरुवात ‘प्रिय मधुमती’ अशी होती. तुमच्यासारख्या अनुभवी मिडवाइफची आम्ही चार वर्षं वाट पाहत होतो, तुमच्या येण्याने बेटावरच्या कितीतरी आयांना आधार मिळेल, वगैरे दीड पान भरून होतं. पंपांच्या निबंधाबद्दल एक अक्षर नव्हतं. दुसऱ्या पानाच्या तळाला मात्र ‘सोबत येणारा जोडीदार’ या सदराखाली ‘एस. आढाव’ असं लिहिलं होतं. आढावांनी पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा उजेडाकडे धरून वाचलं, न जाणो मागे काही उमटलं असेल.

"चांगलं लिहिलंय हो," मधुमतीबाई म्हणाल्या.

"अक्षर लहान आहे," आढाव म्हणाले.

अपमान गिळायला वेळ नव्हता, कारण पत्रासोबत कागदपत्रांची यादी होती आणि यादीत पहिलाच कागद दातांचा. बेटावर दातांचा डॉक्टर नाही, सबब निघण्यापूर्वी दात ठणठणीत असल्याचा दाखला आणावा. मधुमतीबाईंचे दात व्यवस्थित आणि डेंटिस्टही ठरलेला. आढावांचा डेंटिस्ट मात्र सहा वर्षांपूर्वी रिटायर होऊन स्पेनला गेला होता. या देशात एखाद्याला राजवाड्यात चहाचं बोलावणं येईल, पण नवीन पेशंट घेणारा सरकारी डेंटिस्ट सापडणं कठीण. आढावांनी सतरा ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी नाव वेटिंग लिस्टवर घेतलं, पण त्या लिस्टवर येण्याचीही एक वेगळी लिस्ट होती. शेवटी दोन तासांवरच्या एका समुद्रकाठच्या गावात एकजण सापडला. माणूस भला होता. हे एवढ्या लांबून आले याचं त्याला इतकं कौतुक वाटलं की रिकाम्या हाताने पाठवणं त्याच्या जिवावर आलं असावं. त्याने एक दाढ काढली.

दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाने पहिला निरोपसमारंभ ठेवला होता. आढावांचा उजवा गाल पुरणपोळीसारखा टम्म फुगलेला. ते भाषणाला उभे राहिले आणि सात मिनिटं बोलले. त्यातला एक शब्दही कुणाला कळला नाही. भावनेने कंठ दाटलाय असं समजून अख्खा हॉल गहिवरला. यतीन दाबके तर हुंदके देऊन रडला. यतीन म्हणजे मंडळाचा खजिनदार आणि कुठल्याही विषयाचा जाणकार. नंतर त्याने आढावांना कोपऱ्यात घेतलं.

"आढाव, एक लक्षात ठेवा. नारळाच्या झाडाखाली बसायचं नाही."

"हं," आढाव म्हणाले. त्यांना तेवढंच म्हणता येत होतं.

"शार्कपेक्षा नारळाने जास्त माणसं मरतात. मी व्हिडिओ पाहिलाय. आणि टॉर्च जवळ ठेवा. तिकडे वीज जाते."

टॉर्चचा सल्ला त्याने सगळ्यांनाच दिला असावा. कारण आहेर उघडले तेव्हा अकरा टॉर्च, चार उन्हाच्या टोप्या आणि डास मारायची एक रॅकेट निघाली.

निघायची तारीख चौदा ऑक्टोबर ठरली होती. आढाव कुठलंही काम अर्धवट ठेवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी आठवड्याभरात घर भाड्याने दिलं. भाडेकरू समर आणि तनया, दोघं नागपूरचे, दोघं सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर आलेले. नंतर त्यांनी घरातले सगळे कोट, स्वेटर, मफलर, रजया टॅक्सीत भरल्या आणि दानाच्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपला देऊन टाकल्या.

"पॅसिफिकमध्ये कोट कशाला लागतोय?" ते म्हणाले.

"अजून आपण पॅसिफिकमध्ये नाही आहोत," मधुमतीबाई म्हणाल्या आणि एक शाल उशीच्या अभ्र्यात लपवली.

आणि निघायला सहा दिवस उरले असताना फिलिपाची ईमेल आली. एक छोटीशी अडचण होती. आढावांच्या पासपोर्टावर नावाचं स्पेलिंग एक होतं, नगरच्या चर्चने दिलेल्या लग्नाच्या दाखल्यावर दुसरं होतं, आणि डिप्लोमाच्या सर्टिफिकेटवर कुणीतरी आदराने मागे ‘राव’ जोडला होता. हे तिन्ही एकच इसम आहेत असा शिक्का बेटाच्या मानद कॉन्सलकडून आणावा लागेल. कॉन्सल क्रॉयडनला बसतात.

आढाव नवराबायको पहाटेच्या गाडीने लंडनला गेले, तिथून दुसऱ्या गाडीने क्रॉयडनला, तिथून ट्राममध्ये बसले. व्हिसासाठी क्रॉयडनला यापूर्वी खेटे घातलेले असल्यामुळे त्या गावाचं नाव काढलं की आढाव आपोआप फाइलमधले कागद मोजू लागत. पण हे ऑफिस निराळं होतं. गालिचांच्या एका दुकानाच्या वर जिना, जिन्यावर दार, दारावर चिकटवलेला कागद: ‘कॉन्सल रजेवर आहेत. सात आठवड्यांनी भेटावे.’

आढाव खाली दुकानात गेले. "वरचे साहेब कुठे गेलेत?"

दुकानदार गालिचा गुंडाळत होता. "दरवर्षी जातात या दिवसांत. कुठलंसं बेट आहे लांब. फेतु... फेतु..."

"फेतुलोआ?"

"तेच. म्हणजे तुम्हाला माहीत आहे वाटतं?"

परतीच्या गाडीत आढाव तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडून बसले. ज्याच्या शिक्क्यावाचून आपल्याला त्या बेटावर जाता येत नाही, तो माणूस शिक्का घेऊन त्याच बेटावर उन्हात पडलाय, हा विचार कुठूनही धरला तरी टोचत होता.

घरी पोचले तर दारात समरची गाडी, गाडीत खोकी. करार झालेला, किल्ल्या दिलेल्या. समर मोठ्या मनाचा निघाला.

"काका, सातच आठवडे ना? वरची छोटी खोली घ्या की तुम्ही. आम्हाला काय प्रॉब्लेम?"

तर अशा रीतीने आढाव आपल्याच घरात पाहुणे म्हणून राहू लागले. छोट्या खोलीत एक अरुंद पलंग, इस्त्रीचं टेबल आणि अकरा टॉर्च. स्वयंपाकघरात जायचं तर ते दारावर टकटक करत. ते दार त्यांनी स्वतः बसवलेलं होतं. सकाळी बाथरूमची वेळ ठरवून मिळाली, सात दहा ते सात पंचवीस. दुसऱ्या आठवड्यात तनयाने अगदी गोड आवाजात सांगितलं, "काका, दह्याचा डबा धुऊन ग्रीन बिनमध्ये टाकायचा हं. ब्लॅकमध्ये नाही." या माणसाने वीस वर्षं अख्ख्या गल्लीला कचऱ्याच्या बिनांचे नियम समजावले होते. ते खोलीत आले आणि अर्धा तास खिडकीतून बिनांकडे बघत बसले.

त्याहून वाईट म्हणजे लोक. निरोप घेतलेल्या माणसाला निरोप देणाऱ्यांच्या समोर जाता येत नाही. टॉर्च देणाऱ्याला कुठल्या तोंडाने सांगणार की आपण बसस्टॉपवर उभे आहोत? आढाव दाम्पत्य भाजी आणायला तीन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागलं. नोव्हेंबरच्या पावसात आढाव उन्हाची टोपी डोळ्यांवर ओढून चालत, कारण डोक्यावर घालायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. एकट्या ब्रायनपासून सुटका नव्हती. तो रोज कुंपणावरून बघायचा आणि एवढंच म्हणायचा, "अजून इथंच?"

मग थंडी पडली. मधुमतीबाईंनी अभ्र्यातून शाल काढली आणि पांघरली. आढावांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. ते तडक चॅरिटी शॉपमध्ये गेले. त्यांचा तपकिरी कोट तिथे अजून हँगरला होता. त्यांनी तो उतरवून अंगात घातला.

"तुमच्यासाठीच शिवल्यासारखा बसलाय," दुकानातली बाई कौतुकाने म्हणाली. "एका सद्गृहस्थांचा आहे. बिचारे सगळं सोडून पॅसिफिकमध्ये सेवेला गेले."

"फार मोठं मन म्हणायचं," आढाव खाली बघत म्हणाले आणि गल्ल्याकडे वळले. खिशात त्यांचाच रुमाल होता.

सात आठवड्यांनी कॉन्सल परत आले. उन्हाने लालबुंद झालेला हसरा म्हातारा. त्याने तिन्ही स्पेलिंगं पाहिली आणि म्हणाला, "हे काहीच नाही. आमच्या बेटावर माझंच नाव चार तऱ्हांनी लिहितात." आणि धाडकन शिक्का मारला. मारायला दोन सेकंद लागले. नवीन तारीख ठरली. चर्चला बातमी कळली आणि मंडळीने दुसरा निरोपसमारंभ केला. प्रार्थना झाली, चहा झाला, भजन झालं. पाळकांनी आढावांच्या डोक्यावर हात ठेवला. दोन दिवसांनी फेतुलोआची धावपट्टी वादळाने पाण्याखाली गेली.

तिसऱ्या वेळी आढावांनी नको नको म्हटलं. पण यतीन ऐकेना. त्याने तिकीट मागितलं, चष्मा लावून वाचलं, हॉलमध्ये उंच धरून दाखवलं आणि मगच केक कापू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिलिपाची ईमेल आली: बेटावरच्या इस्पितळाच्या मेट्रन लोसा यांना तुमच्या दोघांशी आधी बोलायचं आहे, तोपर्यंत तिकीट स्थगित.

आढावांना मनातून बरं वाटलं. शेवटी कुणीतरी ‘दोघांशी’ असं म्हटलं होतं. त्यांनी पंपांचा निबंध पुन्हा काढला आणि आकृत्या रंगवल्या. समरने सकाळी आठला स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप लावून दिला. पडद्यावर एक भरदार, हसऱ्या चेहऱ्याची बाई आली. कानामागे फूल, मागे कुठेतरी रेडिओ चाललेला. तिथे रात्र होती.

"मधुमती, किती बाळंतपणं केलीत?" मेट्रन लोसांनी विचारलं.

"मोजली नाहीत. तीन हजारांच्या आसपास असतील."

मेट्रन लोसा हसायच्या थांबल्या. मान वळवून त्यांनी कुणाला तरी हाक मारली. पडद्यावर आणखी चार चेहरे दाटीवाटीने आले, आणि सगळे मधुमतीबाईंकडे बघत राहिले. मधुमतीबाईंनी पदर सारखा केला. आढावांनी बायकोकडे पाहिलं. तीन हजार. हा आकडा त्यांनीही पहिल्यांदाच ऐकला होता.

मग त्यांची पाळी आली. त्यांनी पहिली आकृती कॅमेऱ्यासमोर धरली.

"पंप आमची मुलं बघतात," मेट्रन लोसा म्हणाल्या. "जनरेटर माझा भाऊ बघतो. तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मागच्या पाहुण्यांनी लावला होता, सहा दिवस अंधार होता. तुम्हाला स्वयंपाक येतो ना?"

"स्वयंपाक?"

"मिडवाइफ घरी कधी येईल ते इथे कुणाला सांगता येत नाही. आल्यावर जेवण तयार पाहिजे. घरात दोन शिकाऊ नर्सही राहतात. चौघांचं करायचं. मागच्या जोडप्यात दोघंही मिशनरी होते. स्वयंपाक करायला कुणी नव्हतं. सहा महिन्यांत वाळून परत गेले."

"ऑफ कोर्स," आढाव म्हणाले. "येतो तर."

शेजारी मधुमतीबाईंना ठसका लागला.

छोट्या खोलीचं दार लागताच आढाव उसळले. "एकतीस वर्षं मी बॉयलर हाऊस चालवलं! माझ्या हाताखाली नऊ माणसं होती! आणि मी काय तिथे पोळ्या लाटायला जाऊ?"

"मी छत्तीस वर्षं लाटल्या," मधुमतीबाई शालीची घडी करत म्हणाल्या. "ड्यूटी करून. माझ्यासाठी नाही कुणी केक कापला."

"मग जा तू एकटी!"

"विचारलंय मी."

"काय विचारलंयस?"

"फिलिपाला. एकटी आले तर चालेल का म्हणून. चालेल म्हणाली."

आढाव पलंगावर बसले. इस्त्रीच्या टेबलामुळे पाय सरळ करायला जागा नव्हती. "कधी विचारलंस?"

"गेल्या मंगळवारी." त्यांनी घडी बाजूला ठेवली. "अहो, तुम्हाला वाटलं, रिकामपण फक्त तुमच्याच वाट्याला आलंय. तुम्ही घरभर फिरून ठोकाठोक केलीत, म्हणून ते सगळ्यांना दिसलं. मी रिटायर झाल्यापासून दोन वर्षं मोजे विणतेय. लहान बाळांचे. एकशेचाळीस जोड झाले. बसमध्ये एखादी दिवस भरलेली मुलगी चढली, की मी तिच्या पोटाकडे बघून मनात तारीख काढते आणि पुढच्या स्टॉपला उतरते. तुम्ही न विचारता अर्ज भरलात, तेव्हा मला राग आला. पण रात्री झोप लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा."

आढावांनी पलंगावर पडलेला एक मोजा उचलून तळहातावर ठेवला. मोजे रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ते लहान आहेत हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. बायकोचे हात गप्प मांडीवर होते, आणि त्या बोटांकडे त्यांना बघवेना.

थोड्या वेळाने ते उठले, खाली गेले आणि स्वयंपाकघराच्या दारावर टकटक केली.

"काय पाहिजे, काका?" समर म्हणाला.

"वरण कसं करतात?"

त्यानंतरचे चार आठवडे त्या घराने सोसले, असंच म्हणावं लागेल. आढावांनी एक वही उघडली. ‘डाळ: एक वाटी. पाणी: तीन वाट्या. दाब: अज्ञात.’ त्यांच्या मते कुकर ही अत्यंत बेजबाबदार वस्तू होती. दाब दाखवणारा काटा नाही, इन्स्पेक्शनचा दाखला नाही, आणि शिट्टीवर विसंबून बायका आयुष्य काढतात. पहिली शिट्टी झाली तेव्हा एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलेला हा माणूस फ्रिजमागे गेला. "काका, तीन होऊ द्यायच्या," समर बाहेरून ओरडत होता. भाताचा तळ लागला. फोडणी दिली तेव्हा घरातले सातही स्मोक अलार्म एकदम बोंबलले. सातही आढावांनीच बसवलेले, आणि ‘सुरक्षेत तडजोड नाही’ म्हणून एवढे हळवे करून ठेवलेले की मोहरी तडतडण्याआधीच ते तडतडत. तनयाची मीटिंग चालू होती. समोरच्या साहेबाने तिला घर सोडून बाहेर पडण्याचा सल्ला दिला.

यतीन दाबकेला कुठूनतरी खबर लागली. तो सल्ला द्यायला आला, "आढाव, मीठ शेवटी घालायचं असतं," असं सांगून एक वाटी वरण जेवला, आणि जाताना म्हणाला, "सुरुवातीला घातलं तरी चालतं." मासळी तव्याला चिकटली, मग सुटली, मग विटकरीसारखी झाली. भाकरी तर त्यांनी कंपास लावून मापली. ती गोल झाली, पण चावली जाईना. मधुमतीबाई रोज रात्री जेवायला बसत आणि समोर येईल ते खात. आढाव त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. असं दुसऱ्याच्या घासाकडे बघत बसणं ही काय चीज आहे, हे त्यांना सदुसष्टाव्या वर्षी कळत होतं.

एका गुरुवारी मधुमतीबाईंनी ताट पुढे केलं. "अजून थोडं वाढा."

आढावांनी वाढलं. घाईत थोडं वरण टेबलावर सांडलं. वहीत त्या रात्री फक्त तारीख लिहिलेली आहे.

कस्तुरीचा फोन आला. "बाबा, आईने सांगितली तुम्ही कुकिंग करते?"

"करता," आढाव म्हणाले. "ठेव फोन. दूध उतू जाईल."

फेब्रुवारीच्या एका सकाळी अखेर टॅक्सी दारात आली. मँचेस्टरला विमान. या खेपेला त्यांनी कुणालाच कळवलं नव्हतं आणि कुणीच आलं नव्हतं. समरने बॅगा ठेवायला मदत केली. मधुमतीबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या. दोघांचे पासपोर्ट त्यांच्या पर्समध्ये.

आढाव पाय आत टाकणार, एवढ्यात त्यांना आठवलं. "एक मिनिट." ते घरात गेले आणि समरला बॉयलरचा दाब किती ठेवायचा ते सांगून आले. दार उघडलं, पुन्हा आठवलं. "अर्धाच मिनिट." पाण्याचा मेन कॉक कुठल्या फळीमागे आहे ते दाखवून आले. मग मागच्या दाराची कडी. ती उचलून, किंचित डावीकडे ढकलून लावावी लागते. लिहून ठेवलेलं होतं, पण लिहिलेलं कोण वाचतं? ते तिसऱ्यांदा आत गेले, कडी सहा वेळा लावून दाखवली, समरकडून दोनदा लावून घेतली, आणि बाहेर आले.

टॅक्सी नव्हती.

रस्ता रिकामा होता. बॅगा नव्हत्या, पासपोर्ट नव्हते, बायको नव्हती. आढाव फुटपाथवर उभे राहिले. आधी त्यांना राग आला. तो पंधरा सेकंद टिकला. मग त्यांनी वळून घराकडे पाहिलं. आतून समरने मागच्या दाराची कडी लावल्याचा आवाज आला, अगदी बिनचूक. या घरात आता त्यांच्यासाठी एकही काम शिल्लक नव्हतं. वर छोट्या खोलीत अरुंद पलंग होता, त्यावर ते एकटे आरामात मावले असते. हा विचार आला मात्र, ते दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध धावू लागले. कुठल्या दिशेने, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

टॅक्सी मागच्या कोपऱ्यावरून वळून आली आणि त्यांच्या शेजारी हळूच थांबली. काच खाली झाली.

"गेली होतीस कुठे?" आढावांना धाप लागली होती.

"टॅक्सीवाल्याला म्हटलं, एक चक्कर मारू या. एकटीला कसं वाटतं ते बघू या."

"मग? कसं वाटलं?"

मधुमतीबाईंनी थोडा विचार केला.

"जमेल, असं वाटलं," त्या म्हणाल्या, आणि पलीकडे सरकून त्यांनी दार उघडलं. "बसा आता."

आढाव मुकाट्याने आत बसले आणि पट्टा लावला.